'ड्रायलँड' देशांना मराठीत काय म्हणायचं? कोरडवाहू, जिरायत की शुष्क?

सिन्नरकर
नाशिकमधल्या एका संस्थेसाठी शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत आणतोय. एक प्रकरण आफ्रिकेतल्या साहेलवर आहे, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लागून असलेल्या पट्ट्यावर. तिथल्या देशांनी १९७३ साली दुष्काळाशी एकत्र लढायला समिती काढली, मुख्यालय वागाडुगूला, संशोधनाचं काम बघणारी तिची संस्था मालीत बामाकोला आणि पाऊसपाणी-पिकांवर नजर ठेवणारं केंद्र नायजरमध्ये नियामेला. वाक्य एवढंच की ही मंडळी ड्रायलँड देशांमधलं शेतीचं आणि फूड सिक्युरिटीचं संशोधन को-ऑर्डिनेट करतात. मी 'कोरडवाहू देश' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'शुष्क प्रदेशीय राष्ट्रे' केलं. मला शुष्क अजिबात पटत नाही, वाचणार शेतकरी आहेत.

जुनी_वही
कोरडवाहूच ठेवा दादा. जमीन वाहणे म्हणजे कसणे, त्यातूनच वाहिती, आणि पाटपाण्याशिवाय वाहिलेली ती कोरडवाहू, इतका घट्ट शब्द आपल्याकडे आहे. सोलापूरला १९३३ पासून या शेतीवर संशोधन चालू आहे आणि १९७० च्या देशपातळीवरच्या प्रकल्पाचं नावच 'अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प'. तुमचा को-ऑर्डिनेटसुद्धा त्यात आला.

निफाडची_लेक
काका, शब्दाबद्दल वाद नाही पण तो वावराला लागतो, देशाला कसा लावणार? ड्रायलँड हवामानावरून ठरतं, म्हणजे वर्षाचा पाऊस भागिले ऊन-वारा जमिनीतून आणि पिकातून जेवढं पाणी ओढू शकतात ते, आणि उत्तर ०.६५ पेक्षा कमी आलं की तो प्रदेश ड्रायलँड. या हिशोबात अख्खा इजिप्त येतो आणि तिथली जवळपास सगळी शेती नाईलच्या पाण्यावर ओलिताची! आमचं निफाडही पावसाच्या हिशोबानं कोरडंच, पण कालवा आणि ठिबकवरच्या द्राक्षबागेला कोरडवाहू म्हटलं तर माझे वडील ऐकून घेणार नाहीत. उलट इगतपुरीचा भात बघा, निव्वळ पावसावर, पण तिथं ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्याला ड्रायलँड कोण म्हणेल?

जुनी_वही
इजिप्तचं मान्य. मग 'अवर्षणप्रवण' घ्या, सरकारी योजनेत तोच शब्द होता.

बाजरीवाला_येवला
अवर्षणप्रवण म्हणता म्हणता पाऊस पडून जाईल हो. 'जिरायत' म्हणा. पडेल ते पाणी जिथं जिरतं ती जिरायत, माझी आजी असंच सांगायची, शब्दातच अर्थ आहे.

मोडीप्रेमी
आजींबद्दल आदर ठेवून सांगतो, जिरायत जिरण्यावरून आलेला नाही. अरबी 'झिराअत' म्हणजे शेती, पेरणी, ते फारसीतून जमाबंदीच्या कागदांत आलं. बागायत वेगळी काढल्यावर उरलेली साधी पेरणीची जमीन ती जिरायत झाली, कोरडेपणाचा अर्थ नंतर चिकटला. आणि साहेलही अरबीच, त्याचा अर्थ किनारा, वाळवंटाचा किनारा.

बाजरीवाला_येवला
कुठून का आला असेना, आज आम्ही तो जिरण्यावरूनच समजतो, म्हणजे आजचा अर्थ तोच. बोलणाऱ्यानं ठरवायचं की दप्तरानं?

शुद्धलेखन_आग्रही
मला 'शुष्क' वाईट वाटत नाही. शुष्क, अर्धशुष्क, अतिशुष्क असे प्रकार पाडायचे तर कोरडवाहूतून कसे पाडणार? परिभाषा थोडी परकी वाटणारच, वापरून ती रुळते. प्रत्येक वेळी बोलीकडे पळालो तर मराठीत विज्ञान लिहायचं कधी?

निफाडची_लेक
प्रकार पाडायला शुष्क चालेल. पण पुस्तिकेत 'कमी पावसाचे देश' लिहायला काय हरकत आहे?

सिन्नरकर
'कमी पावसाचे देश' आवडलं, पण लंडनलाही पाऊस फार पडत नाही म्हणे, तिथं हवा पाणी ओढत नाही एवढंच, म्हणजे तेही नेमकं नाही. दुसरी अडचण 'अन्नसुरक्षा'ची. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा भेसळ-स्वच्छतेचा आणि २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा रेशनच्या धान्याचा, दोन्हीकडे तोच शब्द. माझ्या प्रकरणात अर्थ दुसरा आहे, धान्य आहे का, ते घ्यायची ऐपत आहे का, अंगी लागतं का, आणि हे वर्षानुवर्षं टिकतं का. 'अन्नाची शाश्वती' कसं वाटतं?

जुनी_वही
शाश्वती छान! पण समन्वय मात्र कोरडा वाटतो. मेळ घालणे म्हणा.

बाजरीवाला_येवला
मेळ कशाचा घालतात ते तरी सांगा आधी.

सिन्नरकर
बियाण्याचंच घ्या. पावसाचा पट्टा तिथं पूर्व-पश्चिम, देशांच्या सीमा त्याला आडव्या, म्हणजे मालीत जी बाजरी चालेल ती शेजारच्या नायजरमध्येही चालायची शक्यता मोठी, पण प्रत्येक देशानं आपापली चाचणी, आपापली नोंदणी केली तर वाण पलीकडे जायला वर्षं जातात. म्हणून २००८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या देशांनी बियाण्याचे नियम एक केले, एका देशात नोंदलेल्या वाणाला दुसरीकडे विकायची मोकळीक. आणि हे आपल्यापासून लांब नाही. तुम्ही 'धनशक्ती' बाजरी पेरली असेल, लोह जास्त असलेली? ती ज्या आयसीटीपी ८२०३ वाणातून निवडली तो हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं पश्चिम आफ्रिकेतल्याच टोगो देशाच्या उत्तरेकडच्या देशी बाजरीतून काढला होता. १९८८ मध्ये महाराष्ट्राला मिळाला. तिथल्या शेतकऱ्यानं जपलेलं बी आपल्या वावरात आहे, म्हणून मला हे प्रकरण आपल्या माणसांना कळेल अशाच मराठीत हवंय.

बाजरीवाला_येवला
धनशक्ती पेरलीय, भाकरी चांगली होते. टोगोचं माहीत नव्हतं. मग 'जिरायत मुलूख' लिहा, बाजरी तिथली नि इथली एकच ना.

मोडीप्रेमी
सातबाऱ्यावर जिरायत, बागायत, तरी, वरकस असे प्रकार असतात. भाताची जमीन 'तरी', म्हणजे निफाडच्या ताईंची इगतपुरी जिरायतीत बसतच नाही. जुन्या कागदाला हा फरक कळत होता.

निफाडची_लेक
हे भारी आहे! पण मग शेततळ्यातून कणसं भरताना एकच संरक्षित पाणी दिलेलं वावर कशात धरायचं?

बाजरीवाला_येवला
जिरायतच. एका पाण्यानं बागायत होत नाही.

जुनी_वही
होते, 'हंगामी बागायत' लावतात. आमच्या गावात त्यावरून भावाभावात वाटणी अडली होती.

बाजरीवाला_येवला
हंगामी बागायत कालव्याच्या पाळीला, शेततळ्याला कोण लावतं? कुठला तालुका तुमचा?