मदत हवी आहे: १८६३ च्या गुलाममुक्ती जाहीरनाम्याचा नकाशा, टेनेसीला कोणता रंग?

नकाशावेडी
शाळेच्या प्रदर्शनासाठी अमेरिकेचा भिंतीवरचा नकाशा करतेय. अमेरिकेच्या यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या जाहीरनाम्याने गुलाम मुक्त झाले ती राज्यं हिरवी, नाही झाले ती लाल. केंटकी, मिसूरी, मेरिलंड, डेलावेअर लाल झाली. टेनेसीपाशी गाडी अडलीये. राज्य तर दक्षिणेच्या बंडखोरांतलं, पण जाहीरनाम्यात बंडखोर राज्यांची यादी आहे, तीत नावच नाही. लुइझियानापुढे आणखी कसली कसली नावं दिलीत. शुक्रवारी लावायचाय. हिरवं की लाल, एवढंच सांगा.

तळटीप
नकाशा कुठल्या तारखेचा? १ जानेवारी १८६३ चा की युद्ध संपल्यानंतरचा? कोरा नकाशा कुठला घेतलात? वेस्ट व्हर्जिनिया त्यात वेगळं दाखवलंय का? काउंट्यांच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या) सीमा आहेत का?

बोरूबहाद्दर
एवढा खटाटोप कशाला? सगळंच लाल करा. सत्ता चालत नव्हती तिथे मुक्ती जाहीर केली, चालत होती तिथे गुलामी तशीच ठेवली. त्या दिवशी एकही माणूस सुटला नाही.

तळटीप
@बोरूबहाद्दर, हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण चूक आहे. साउथ कॅरोलायनाची पोर्ट रॉयल, ब्यूफर्टकडची बेटं नोव्हेंबर १८६१ पासून उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या सैन्याच्या, ताब्यात होती आणि जाहीरनाम्यात ती वगळलेली नाहीत. १ जानेवारीला तिथल्या छावणीत जाहीरनामा वाचून दाखवला, आणि त्या बेटांवरचे हजारो लोक त्याच दिवशी कायद्याने मुक्त झाले. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर न्यू बर्न, आर्कान्सात हेलेना, तिथेही तेच.

गुणाकार
आकडे घ्या. १८६० च्या जनगणनेत एकूण गुलाम ३९,५३,७६०. केंटकी २,२५,४८३, मिसूरी १,१४,९३१, मेरिलंड ८७,१८९, डेलावेअर १,७९८. या चारांचे मिळून ४,२९,४०१. टेनेसी २,७५,७१९. लुइझियाना-व्हर्जिनियातले वगळलेले तुकडे वजा केले तरी ३० लाखांच्या वर माणसं जाहीरनाम्याच्या कक्षेत येतात. राज्यं मोजू नका, माणसं मोजा.

नकाशावेडी
तारीख १ जानेवारीचीच, अजून कुठली असणार? कोरा नकाशा दुकानात मिळतो तो, आजचा. वेस्ट व्हर्जिनिया आहे, काउंट्या पण आहेत. प्रश्न टेनेसीचा आहे!

तळटीप
आजचा नकाशा म्हणूनच घोळ होणार. क्रमाने घ्या.

टेनेसी: पूर्ण लाल. नॅशव्हिल फेब्रुवारी १८६२ मध्ये पडलं, अँड्र्यू जॉन्सन तिथे लष्करी गव्हर्नर झाला आणि त्याच्याच आग्रहाने राज्य यादीबाहेर राहिलं. गंमत म्हणजे पूर्वेकडचं नॉक्सव्हिल त्या दिवशी बंडखोरांच्याच हातात होतं, तरीही वगळलं.

वेस्ट व्हर्जिनिया: राज्य झालं २० जून १८६३ ला. तुमच्या तारखेला त्या व्हर्जिनियाच्याच ४८ काउंट्या होत्या, म्हणून सीमा तुटक रेघेने दाखवा. आत लाल. बर्कली काउंटीही लाल, कारण ती नावाने वगळली आहे. पण शेजारची जेफरसन, म्हणजे हार्पर्स फेरीवाली, वगळलेल्यांत नाही. ती हिरवी. बाकी व्हर्जिनिया हिरवा, फक्त अकोमॅक, नॉर्थॅम्प्टन, एलिझाबेथ सिटी, यॉर्क, प्रिन्सेस ॲन आणि नॉरफोक लाल.

लुइझियाना: तिथे काउंटीला पॅरिश म्हणतात. न्यू ऑर्लिन्ससकट आग्नेयेकडचे १३ पॅरिश लाल. त्यातही एक जेफरसन आहे, तो लाल! नैर्ऋत्येला जेफरसन डेव्हिस दिसेल, त्याचा याच्याशी संबंध नाही, तो विसाव्या शतकातला. आयबेरिया पॅरिश यादीत सापडणार नाही, कारण तो १८६८ मध्ये सेंट मार्टिन आणि सेंट मेरी यांतून काढला. हे दोन्ही वगळलेले होते, म्हणून आयबेरियाही लाल.

बोरूबहाद्दर
म्हणजे लाल-हिरव्याचा जुगाड. जुलै १८६२ च्या जप्ती कायद्याने बंडखोरांचे गुलाम आधीच मुक्त ठरवले होते. मग नवीन काय?

गुणाकार
त्या कायद्यात मालक बंडखोर आहे की नाही हे बघावं लागे. जाहीरनाम्यात मालक कोण हे बघायचंच नाही, जागा कोणती ते बघायचं. शिवाय मुक्त झालेल्यांना सैन्यात आणि जहाजांवर घेण्याचं कलम त्यात आहे. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैन्यात आणि १९,००० च्या आसपास नौदलात होते. तुमच्या लाल केंटकीतून सुमारे २४,००० भरती झाले आणि भरती होताच मुक्त झाले. मार्च १८६५ च्या कायद्याने त्यांच्या बायका-मुलांनाही मुक्ती मिळाली. लाल रंगाला असा पाझर फुटला होता, तो नकाशात दिसायला हवा.

कापूसकोंड्या
मुंबईचा एक कोपरा ठेवाच. अमेरिकेचा कापूस बंद झाला म्हणून आपल्याकडे भाव चढले, कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा काळ, आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. आणि जोतीरावांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांनाच अर्पण केली आहे. मुलांना हे जास्त भिडेल.

तळटीप
कापूस जाहीरनाम्याने नाही, उत्तरेच्या नाकेबंदीने बंद झाला. ती १८६१ ची. अर्पणपत्रिकेचं मात्र जरूर घ्या.

सहावीब
भारतात १८४३ च्या ५ व्या कायद्याने कोर्टांनी गुलामगिरीचे हक्क मानणं बंद केलं. तो नकाशा जास्त सोपा आहे, एकच रंग.

नकाशावेडी
भारताचं कोणी विचारलंय? ओक्लाहोमा पांढरा ठेवलाय, चालेल ना? आणि केंटकी का वगळलं, मुलं विचारणारच.

तळटीप
पांढरा नको. तेव्हा तो इंडियन टेरिटरी, म्हणजे मूळ रहिवासी जमातींचा प्रदेश होता, गुलामी होती आणि ती त्या जमातींशी झालेल्या १८६६ च्या तहांनी संपली. राखाडी करा. बाकी पश्चिमेकडच्या टेरिटऱ्यांत (अजून राज्य न झालेल्या प्रदेशांत) अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, १९ जून १८६२ ला बंदी घातली होती, त्यावर तिरप्या रेघा. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १६ एप्रिल १८६२ ला मुक्ती झाली, तीही मालकांना माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई देऊन. तिथे ठिपका पुरे.

केंटकीचं कारण: लिंकनने हे सरसेनापतीच्या अधिकारात, युद्धाचा उपाय म्हणून केलं. जे राज्य बंडात नाही तिथे तो अधिकार पोचत नाही. शेवटी मेरिलंडने नोव्हेंबर १८६४ मध्ये, मिसूरीने जानेवारी १८६५ मध्ये आणि टेनेसीने फेब्रुवारी १८६५ मध्ये आपापली गुलामी संपवली. केंटकी आणि डेलावेअर डिसेंबर १८६५ मध्ये देशभर गुलामी संपवणाऱ्या घटनेच्या तेराव्या दुरुस्तीपर्यंत थांबली. प्रत्येक लाल राज्यात त्याची तारीख लिहा.

नकाशावेडी
मग हिरव्यातही तारखा? टेक्ससवर १९ जून १८६५ लिहू का?

गुणाकार
लिहा, पण कंसात. कायद्याने मुक्ती १ जानेवारी १८६३ चीच. उत्तरेच्या जनरल ग्रेंजरने टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनला मुक्तीचा हुकूम काढला तो १९ जून १८६५ ला, कारण तोवर तिथे उत्तरेचं पुरेसं सैन्यच नव्हतं. आणि काळ्या स्केचपेनने लिहा, हिरव्यावर निळं दिसत नाही.