वैद्यकीय इच्छापत्र: कोकणातल्या ज्येष्ठांनी ते करून ठेवावे का?

मूळ लेखन (रत्नागिरी)

कोकणातल्या कितीतरी घरांत आज फक्त वृद्ध माणसे राहतात आणि मुले मुंबई-पुण्याला किंवा परदेशात असतात. अशा घरातील माणसाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तर त्याला रातोरात घाट चढून कोल्हापूरला नेतात, दक्षिण सिंधुदुर्गातून असेल तर गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. मुले पोहोचेपर्यंत घशात नळी गेलेली असते, व्हेंटिलेटर सुरू झालेला असतो, आणि हे सारे कुठवर चालवायचे हा प्रश्न ज्याच्या देहाचा आहे, त्यालाच विचारायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून माझे मत असे की, साठी उलटलेल्या प्रत्येकाने शुद्धीवर आणि स्वस्थ असताना आपल्या अखेरच्या उपचारांविषयीचे इच्छापत्र, ज्याला सगळे ‘लिव्हिंग विल’ म्हणतात, लेखी करून ठेवावे.

मालमत्तेच्या मृत्युपत्राशी याचा संबंध नाही. ते मृत्यूनंतर लागू होते आणि हे जिवंतपणी. कोणी विषारी इंजेक्शन देण्याचीही ही गोष्ट नाही, कारण तसे करणे भारतात आजही गुन्हाच आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या हल्ल्यानंतर चार दशकांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जीवरक्षक उपचार थांबवण्याला प्रथमच मर्यादित वाट दिली. पुढे 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानून अशा इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे आणि त्यामुळे फारसे कोणी त्या वाटेला जात नव्हते. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ही अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की पुरते. एवढे सोपे झाल्यावरही आपण हा विषय अशुभ म्हणून टाळत राहिलो, तर त्याचे ओझे मुलांवर पडते.

प्रतिसाद (मालवण)

आपला हेतू चांगला आहे, पण आपण मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाचा प्रश्न उचलून आमच्या वाडीत आणून ठेवला आहे, असे मला वाटते. आमच्याकडचे दुःख अतिउपचारांचे नाही, उपचार वेळेवर न मिळण्याचे आहे. रात्री छातीत दुखू लागले तर 108 ची गाडी येणार कधी, तालुक्याला फिजिशियन असणार का, आणि तिथून ‘पुढे न्या’ म्हटल्यावर पुढे म्हणजे किती तास, हे आमचे प्रश्न आहेत. ‘वय झालं, आता कशाला हलवता’ हे वाक्य म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी बसून बोलले जाते आणि ते त्याला ऐकू येत असते. अशा ठिकाणी ‘मला यंत्रावर ठेवू नये’ असा सहीचा कागद घरात असला, तर साध्या न्यूमोनियालाही त्याला घरीच ठेवतील, अशी मला भीती वाटते.

दुसरी गोष्ट भाऊबंदकीची. ज्या घराच्या सातबारावर पंधरा नावे आहेत, एक भाऊ गावी राबतो आणि बाकीचे गणपतीला येतात, त्या घरात आईच्या उपचारांचा निर्णय इच्छापत्रात नाव लिहिलेल्या एकाच्या हाती देणारा कागद भांडणाचे नवे कारण ठरेल. आधी तालुक्याला नीट रुग्णालय द्या, मग आमच्याकडून सह्या घ्या.

प्रतिसाद (चिपळूण)

मी अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे, म्हणून लिहिते. आयसीयूत नळी ओढून काढू नये म्हणून रुग्णाचे हात गॉजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधावे लागतात. ते वैद्यकीय गरजेपोटीच करतात, पण ज्याच्या आजारातून परत येण्याची शक्यता उरलेली नाही असा माणूस दिवसचे दिवस तसा पडलेला मी पाहिला आहे. शुद्ध थोडी असेल तर तो बोटांनी पट्टी चाचपत राहतो. बाहेर नातेवाईक बसलेले असतात आणि आपण ‘बंद करा’ म्हटले तर आपणच मारले असे होईल, या धास्तीने कोणीही तोंड उघडत नाही.

मालवणच्या सदस्यांना एक सांगावेसे वाटते. कागद नसला म्हणजे निर्णय होत नाही, असे नाही. पैसे संपले की निर्णय होतो. मग ‘आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत’ असे लिहून सही दिली जाते, रुग्णवाहिकेत अँब्यू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबत माणसाला गावापर्यंत आणतात आणि उंबऱ्याच्या आत आल्यावर ती काढतात. हे आज सर्रास चालू आहे, त्यावर कोणाची देखरेख नाही, आणि त्या रुग्णाला शेवटच्या तासांत वेदनाशामक औषधसुद्धा मिळत नाही. त्यापेक्षा त्याने आधी शब्दांत सांगून ठेवलेले काय वाईट?

प्रतिसाद (सावंतवाडी)

वकिली करतो, त्यामुळे प्रक्रियेपुरते बोलतो. हा कागद दाखवला आणि यंत्र बंद केले, असे कायद्यात कुठेही नाही. रुग्ण स्वतः निर्णय सांगू शकत असेल, तर कागदाचा प्रश्नच येत नाही. तो सांगू शकत नसेल आणि आजार बरा होण्याची आशा नसेल, तर उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ बसते. त्यांचे मत पडले की पहिल्या मंडळात नसलेल्या डॉक्टरांचे दुसरे मंडळ ते तपासते आणि त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. इच्छापत्रात नाव दिलेल्या व्यक्तींची संमती लागते आणि उपचार थांबवण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. न्यूमोनियाच्या रुग्णाला घरी ठेवण्याची परवानगी यातून निघत नाही. तो निव्वळ हलगर्जीपणा आहे, मग घरात कागद असो वा नसो. उलट अडचण अशी की, दोन मंडळांचे मिळून सहा डॉक्टर लागतात आणि तेवढे तज्ज्ञ आपल्या तालुक्यांत एका जागी मिळणे कठीण, त्यामुळे ही प्रक्रिया कोल्हापूर, मुंबई किंवा बांबोळीलाच पार पडेल.

इच्छापत्राची एक प्रत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मुंबईतील डॉ. निखिल दातार यांनी यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमले गेले. शेजारी गोव्यात तर मे 2024 मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचेच इच्छापत्र नोंदवले.

प्रतिसाद (दापोली)

मला प्रक्रियेपेक्षा मूळ कल्पनेचीच शंका आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध नाकारले, पण तो निर्णय त्यांनी त्या क्षणी, पूर्ण भान असताना घेतला आणि शेवटपर्यंत स्वतः पेलला. साठाव्या वर्षी धडधाकट असताना ‘परावलंबी जिणे मला नको’ असे लिहिणारा माणूस पंच्याहत्तराव्या वर्षी, एक हात लुळा पडलेला असताना, ओटीवर बसून नातवंडांचा गलका ऐकण्यात समाधानी असू शकतो. त्या दुसऱ्या माणसावर पहिल्याची सही बंधनकारक का असावी? परावलंबन म्हणजे अप्रतिष्ठा, हा समज अपंगांच्या दृष्टीनेही फार घातक आहे.

मूळ लेखकाचे उत्तर (रत्नागिरी)

दापोलीच्या सदस्यांचा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटला. इच्छापत्र केव्हाही लेखी बदलता किंवा रद्द करता येते आणि एकाहून अधिक असल्यास शेवटची सही ज्यावर आहे तेच धरले जाते. तरी त्यातील भाषा जपूनच लिहायला हवी. ‘मला त्रास नको’, ‘परावलंबी जगणे नको’ असली वाक्ये लिहूच नयेत. मजकूर संदिग्ध असेल तर तो बाजूला ठेवला जातो आणि ते योग्यच आहे. मी माझ्या मसुद्यात पहिले वाक्य असे घातले आहे: ‘बरा होण्यासारखा आजार असेल, तर माझे वय न पाहता सर्व उपचार करावेत.’ त्यानंतर, बरे होण्याची आशा नसल्याचे दोन्ही मंडळांनी ठरवले तरच व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि हृदय बंद पडल्यास छाती दाबणे यांविषयी वेगवेगळे लिहिले आहे. वेदनाशामक औषधे आणि शुश्रूषा शेवटपर्यंत मिळावी, हेही स्वतंत्रपणे लिहिले आहे.

भाऊबंदकीवरचा उपाय कागदात नाही, हे मान्य. मात्र एकाहून अधिक व्यक्तींची नावे देता येतात, त्यामुळे गावचा एक आणि मुंबईचा एक असे दोघे नेमता येतील. गणपतीत किंवा शिमग्याला सगळे घरी जमतात तेव्हा सर्वांसमक्ष ते वाचून दाखवावे आणि ज्याला बोलायचे असेल त्याने तिथेच बोलावे.

प्रतिसाद (मालवण)

ते पहिले वाक्य प्रत्येक इच्छापत्रात सक्तीचे असते, तर माझा निम्मा विरोध मावळला असता. उरलेला निम्मा कायम आहे. चिपळूणच्या ताईंनी लिहिलेली ती रुग्णवाहिका कागदाने थांबणार नाही, कारण तिच्यामागे इच्छा नसते, रिकामा खिसा असतो. वेदनाशामक उपचार आणि घरी येणारी परिचारिका तालुक्याला मिळेपर्यंत मी माझ्या आईपुढे हा कागद ठेवणार नाही. तिने स्वतःहून विषय काढला तर मात्र अडवणारही नाही.