वाड्यातलं झुंबर आणि दोन हंड्या: जुन्या की नकला, आणि किंमत कशी काढायची?

माजघर
वाड्याची वाटणी चालू आहे. यादीत काचेच्या आठ हातांचं एक झुंबर आणि लाल काचेच्या, छताला टांगायच्या दिव्याच्या दोन हंड्या आहेत. झुंबराला विजेचे होल्डर आहेत, वायर हातांवरून बाहेरून गुंडाळलेली आहे, थोडे लोलक (खाली लोंबणारे काचेचे तुकडे) गायब आहेत. घरात सगळे 'ऑस्लरचं' म्हणतात, पण नाव कुठेच दिसत नाही. हंड्यांवर सोनेरी वेलबुट्टी आहे, वर पितळी कडं आणि तीन साखळ्या.
वस्तू खऱ्या जुन्या आहेत का? वाटणीच्या कागदावर किती लिहायचं? शिवाय एका चुलतभावाला एक हंडी अमेरिकेत न्यायची आहे, ते जमेल का?

लोलक
पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. पितळेला चिंच-मीठ लावू नका, सोनेरी कामाला ओला बोळासुद्धा लावू नका. घासूनपुसून लखलखीत केलेल्या मालाला जाणकार गिऱ्हाईक कमी पैसे देतं.

बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचं कोलकात्यात दुकान होतं. 1851 च्या लंडन प्रदर्शनातलं काचेचं कारंजंही त्यांचंच. त्यामुळे आपल्याकडे दिसेल त्या झुंबराला ऑस्लर म्हणायची रीत पडली. धातूच्या भागांवर छाप शोधा, पण नसला म्हणून बाद करू नका आणि नुसत्या सांगण्यावरून ऑस्लर धरूही नका. बोहेमियाचा (आजच्या चेक प्रजासत्ताकातला) मालही भरपूर यायचा. कुठे 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' असेल, तर तो भाग 1918 नंतरचा.

झुंबराचे हात बॅटरीच्या उजेडात बघा. हात भरीव असतील तर मूळ झुंबर मेणबत्त्यांचं, वीज मागाहून आली. बाहेरून वायर आहे म्हणजे बहुधा हेच. होल्डरखाली मेणबत्तीची जुनी वाटी अजून असेल तर फारच छान. हात आतून पोकळ असतील तर ते गॅससाठी किंवा विजेसाठीच बनवलेले.

लोलकाचे पैलू भिंगाखाली बघा. हाताने कापलेल्याच्या कडा बोटाला धारदार लागतात आणि पैलू किंचित लहानमोठे असतात. साच्यात दाबलेल्याच्या कडा गोलसर असतात, बाजूला साच्याची रेघ सापडते. लोलक कशाने लटकवलेत तेही बघा: हाताने वळवलेली पितळी तार की चकचकीत तयार पिन? लोखंडी पिन दिसली तर लगेच काढा. गंज फुगतो आणि लोलक भोकापाशी तडकतो.

काचकाम
वरच्या प्रतिसादात भर. 'काचेत बुडबुडे म्हणजे जुनी' हे डोक्यातून काढा. काचकामाचं गाव असलेल्या फिरोजाबादच्या नव्या हंड्यांत हवे तेवढे बुडबुडे मिळतात.

हंडी पितळी कड्यातून सोडवा आणि काठ बघा. जिथे पितळ वर्षानुवर्षं टेकलं, तिथे काचेवर धूसर वलय पडतं. ओरखडे वेड्यावाकड्या दिशांचे हवेत. सगळे एकाच दिशेचे असतील तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवलाय. काठाच्या जाडीत रंगही कळतो: काच आरपार लाल आहे की पारदर्शक काचेवर लाल थर? दोन्ही जुन्यात चालतं. फवारलेला रंग मात्र नाही चालत. कड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी कापसावर थेंबभर अॅसिटोन घेऊन घासा, सोनेरी कामापासून लांब. कापूस लाल झाला तर विषय संपला.

लोलकाची घनता घरी काढता येते. सोनाराच्या काट्यावर आधी लोलक तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि लोलक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. येणाऱ्या आकड्याने मूळ वजनाला भागा. उदाहरणार्थ 62 ग्रॅमचा लोलक आणि पाण्यात 20 आलं, तर 3.1. हे भरपूर शिसं असलेलं क्रिस्टल. साधी काच 2.5 च्या आसपास येते. गोम अशी, की जुनी बोहेमियन काचही 2.5 च्या जवळपास असते आणि नवं क्रिस्टलही 3 च्या पुढे जाऊ शकतं. म्हणजे ही चाचणी वय सांगत नाही, फक्त सगळे लोलक एका घरचे आहेत का ते सांगते.

माजघर
करून बघितलं. हात भरीव, वाट्या शाबूत. बहुतेक लोलक 3.1, काही 2.5, आणि त्या हलक्यांच्या कडा गोल. एका हंडीला धूसर वलय आहे, दुसरीला नाही, पण अॅसिटोनने दोघींचाही रंग निघाला नाही.

लोलक
मग चित्र बरंच स्पष्ट आहे. मूळ मेणबत्त्यांचं झुंबर, नंतर वीज घातलेली, हलके लोलक बदली. हात उतरवताना त्यांच्या पितळी टोप्यांवर आणि मधल्या बैठकीवर कानशीच्या खुणा किंवा रोमन आकडे शोधा. कुठला हात बैठकीच्या कुठल्या खाचेत हे त्यावरून ठरतं. खुणा जुळल्या नाहीत तर हात बदललेला. टोपीत हात प्लास्टरने बसवलेला असतो. सैल झाला तर अॅराल्डाइटसारखा पक्का गोंद ओतू नका, पुढे तो भाग सुटत नाही. अंधारात यूव्ही टॉर्च मारा: आधुनिक गोंदाचे जोड बहुधा चमकून उठतात.

दुसऱ्या हंडीवर अजून निकाल देऊ नका. तिचं कडंच नंतरचं असेल तर वलय नसणं साहजिक आहे. दोन्ही कड्यांचे स्क्रू अदलाबदल करून बघा. आटे जुळले नाहीत तर एक कडं बदली आहे.

दस्तऐवज
किमतीचं. एकाच वस्तूच्या तीन किमती असतात: विम्याची, लिलावातली आणि व्यापारी रोख देईल ती. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरचा व्यापारी स्वतःचा नफा, दुरुस्ती आणि माल पडून राहण्याचा काळ धरूनच बोलणार, तो आकडा सर्वांत खाली. वाटणीत सगळ्यांना एकच फूटपट्टी लावा, शक्यतो लिलावघराचा लेखी अंदाज, त्यातून विक्रेत्याचं कमिशन वजा करून. भाव उतरवणाऱ्या गोष्टी क्रमाने: मोडका किंवा बदललेला हात, मूळ वाट्या नसणं, बदली लोलक. लोलक शेवटी, कारण ते मिळवता येतात. हंड्यांची किंमत जोडीनेच काढा, एकट्या हंडीला जोडीच्या निम्मे पैसेही येत नाहीत. म्हणून वाटणीत जोडी फोडू नका, ज्याला हव्यात त्याला दोन्ही द्या आणि हिशेब पैशांत मिटवा.

अमेरिकेचं: 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांची किंवा त्याहून जुनी अशी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हंडी त्याहून नवी निघाली तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या, नाहीतर कस्टम्समध्ये अडकेल. जुनीच निघाली तर ती इथेच राहणार. तेव्हा चुलतभावाचा हिस्सा रोखीत धरा.