मदत हवी आहे: बेळगावात पहिला फ्लॅट घ्यायचाय, पण साठवलेले पैसे लीजमध्ये अडकलेत

वडगाववाली:
नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही. आम्ही बेळगावात वडगावला राहतो, मी, मिस्टर आणि दोन मुली. मिस्टर शिनोळीला एका मशीन शॉपमध्ये आहेत, म्हणजे पगार महाराष्ट्रातला आणि बिऱ्हाड कर्नाटकात, रोज बॉर्डर ओलांडून कामाला जाणारी अशी कितीतरी माणसं आहेत आमच्याकडं. पीएफ कापून त्यांच्या हातात 34 हजार येतात. मी एका खासगी शाळेच्या ऑफिसात आहे, मला 15. वर्षाचं दोघांचं मिळून साडेसहा लाख धरा.

राहतो ते घर लीजवर आहे. कोल्हापूर-पुण्याकडच्यांना ही पद्धत कदाचित माहीत नसेल, मालकाला एकरकमी पैसे द्यायचे, महिन्याचं भाडं नाही, आणि घर सोडताना तेवढेच पैसे परत. आम्ही 5 लाख दिलेत. भाडं वाचतं हे खरं, पण आमची सगळ्यात मोठी बचत तीच आहे आणि ती मालकांकडं आहे. नवीन घराला पैसे भरायचे तर हे घर सोडायला पाहिजे आणि हे सोडायचं तर नवीन घर तयार पाहिजे. मालक म्हणतात पुढचा लीजवाला आला की त्याच्याकडून घेऊन तुम्हाला देतो. इथंच सगळं अडलंय बघा.

बाकी सोसायटीत पिग्मी आणि आरडी मिळून सव्वादोन लाख आहेत, मिस्टरांच्या पीएफमध्ये 2 लाख 60 हजारांच्या आसपास, आणि माझी एक लाखाची भिशी आहे ती दिवाळीपर्यंत लागेल. दागिने आहेत थोडे, पण ते मोडायचे नाहीत असं आमचं ठरलंय, मुलींसाठी ठेवलेत.

आता समोर दोन गोष्टी आहेत. अनगोळला एक अपार्टमेंट पूर्ण होत आलंय, 2 बीएचके, बिल्डर 34 लाख सांगतोय. त्यात म्हणतो खरेदी 28 ची दाखवू, 6 रोख द्या, तुमचीच स्टॅम्प ड्यूटी वाचेल. दुसरं म्हणजे सासूबाईंचं म्हणणं असं की फ्लॅटच्या नादाला लागू नका, शहराला लागून एका गावात दीड गुंठा जागा 9 लाखाला मिळतेय ती घ्या, जागा असली की घर होतंच. एजंट म्हणतो आत्ता बाँडवर (नुसत्या स्टॅम्प पेपरवर) लिहून देतो, उतारा मागनं करून देतो, आजूबाजूला सगळ्यांनी तसंच घेतलंय. सासूबाईंचं मला पटत नाही असं नाही, त्यांचं सगळं आयुष्य जमिनीवर गेलंय, कर्ज काढून चौथ्या मजल्यावर राहायचं ही गोष्टच त्यांना धास्तीची वाटते, आणि त्यांना दुखवून मला घर घ्यायचं नाही.

तर बँक किती देईल, आपला हिस्सा किती लागेल, लीजचं कोडं कसं सोडवायचं, आणि ही बाँडवरची जागा घ्यावी का? प्लीज कुणीतरी नीट सांगा, मुलींच्या शाळेजवळून सारखं बिऱ्हाड हलवायचा फार कंटाळा आलाय.

कडोलीकर:
ताई, बाँडवरची जागा घेऊ नका, कुणी कितीही सांगूदे. आपल्याकडं शेतातले गुंठे पाडून असे लई विकलेत. 100 रुपयांच्या वरची कुठलीही स्थावर मिळकत रजिस्टर खरेदीपत्राशिवाय दुसऱ्याच्या मालकीची होत नाही, हे 1882 च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी कायद्यातच आहे. बाँडवर तुम्ही पैसे दिल्याचा कागद होतो, जागा तुमची होत नाही. पहाणीवर (जमिनीच्या उताऱ्यावर) नाव मूळ शेतकऱ्याचंच राहतं, उद्या त्याची पोरं, बहिणी हिस्सा मागायला आल्या की तुम्ही कुणाकडं जाणार? आणि असल्या जागेवर बँक एक रुपया देत नाही, म्हणजे 9 लाख जागेत घालून वर घर बांधायला परत सोसायटीचं महाग कर्ज.

सासूबाईंना जागाच हवी असेल तर एनए (बिगरशेती) झालेली, लेआउट मंजूर असलेली बघा. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असेल तर बुडाची मंजुरी, ग्रामपंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचे, फॉर्म 9 आणि 11. हे कागद आधी दाखवा म्हणा एजंटाला, मग बघा काय म्हणतोय ते.

रंकाळ्याकाठी:
कोल्हापूरहून लिहितोय. फ्लॅट ताईंच्या एकटीच्या नावावर घ्या, बाईच्या नावावर स्टॅम्प ड्यूटी 1 टक्का कमी लागते.

रिटायर्ड_मॅनेजर:
वरची सवलत महाराष्ट्रातली आहे, कर्नाटकात ती नाही, त्यामुळं त्या हिशोबानं जाऊ नका. व्याजदरात काही बँका बायकांना किंचित सूट देतात, तेवढं मात्र विचारा. माझी सगळी नोकरी कर्जखात्यात गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देता येतात, त्यावर 75 लाखांपर्यंत 80 टक्के, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ती वरची मर्यादा झाली, बँक तुमचा पगारही बघते. साडेआठ टक्के धरले तर 25 लाखांना 20 वर्षांचा हप्ता साधारण 21,700 येतो आणि 30 लाखांना 26 हजार. तुमच्या हातात 49 येतात, दोन मुली आहेत. माझं मत विचाराल तर 25 च्या वर जाऊ नका, बँक द्यायला तयार असली तरी.

25 म्हणण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते बऱ्याच लोकांना माहीत नसतं. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे, त्यात वर्षाला 9 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला व्याजात सबसिडी आहे. घराची किंमत 35 लाखांच्या आत पाहिजे, कर्ज 25 लाखांच्या आत पाहिजे, कार्पेट (घराच्या आतलं क्षेत्रफळ) 120 चौरस मीटरपर्यंत. पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के, एकूण जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, पाच वर्षांत पाच हप्त्यांनी कर्जखात्यात जमा होतात. तुमचं 34 लाखांचं घर यात बसतं, पण कर्ज 26 घेतलंत की बाहेर.

आता आपला हिस्सा. 34 मधून 25 गेले की 9 राहिले. त्यावर रजिस्ट्रेशनचा खर्च, तो कर्जात धरत नाहीत, खिशातूनच जातो, आणि लोक नेमकं तेच विसरतात. नव्या फ्लॅटची पहिलीच खरेदी असेल आणि किंमत 45 लाखांच्या आत असेल तर आपल्याकडं स्टॅम्प ड्यूटी 3 टक्के, म्हणजे 1,02,000, त्यावर सेस आणि सरचार्ज मिळून 12,240. रजिस्ट्रेशन फी ऑगस्ट 2025 च्या शेवटापासून 1 वरून 2 टक्के झाली, ते 68,000. झाले 1 लाख 82 हजार. जुना फ्लॅट दुसऱ्याकडून घेतलात तर 3 ऐवजी 5 टक्के. आणि बिल्डिंगला कम्प्लीशन सर्टिफिकेट मिळायच्या आत घेतलात तर जीएसटी लागतो, तुमच्या किमतीच्या घराला कार्पेट 90 चौरस मीटरच्या आत असेल तर 1 टक्का, सर्टिफिकेट आल्यावर काहीच नाही. बँकेची प्रोसेसिंग, वकील, व्हॅल्युएशन धरून सव्वाअकरा लाखांची तयारी ठेवा. तुमचं सगळं मिळून 10 लाख 85 हजार होतं. फार लांब नाही तुम्ही.

6 लाख रोख अजिबात देऊ नका. 28 ची खरेदी दाखवून रजिस्ट्रेशनचे 32 हजार वाचतात फक्त. त्याच्यासाठी 6 लाख बिनपावतीचे, व्यवहार मोडला तर मागायचे कशाच्या जोरावर? घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याच्या वर रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे. शिवाय पुढं कधी विकलात तर तुमची खरेदी 28 चीच धरली जाणार आणि टॅक्स त्या हिशोबानं.

वडगाववाली:
सर, किती नीट सांगितलंत, रजिस्ट्रेशनचे वेगळे 1 लाख 82 हजार आमच्या डोक्यातच नव्हते. दोन शंका. गावाकडं खानापूर तालुक्यात सासऱ्यांच्या नावावर जुनं पक्कं घर आहे, मग ती सबसिडी मिळेल का? आणि खरेदीपत्र कानडीत असतं, मला कानडी बोलता येतं, पाट्या वाचता येतात, पण वकिली कानडी नाही समजत, सही करताना भीती वाटते.

शहापूरची:
आमचंही लीजचंच होतं गं, म्हणून सांगते. आधी घराचे कागद बँकेच्या वकिलाकडून तपासून घे आणि सँक्शन लेटर (कर्ज मंजुरीचं पत्र) हातात घे, ते काही महिने चालतं, किती ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. ते आल्यावर लीजच्या मालकांना लेखी नोटीस द्यायची, तोंडी नाही, तुमच्या लीजच्या कागदात किती महिन्यांची लिहिलीय ते बघून. बिल्डरला रजिस्टर ॲग्रीमेंट करायच्या आधी 10 टक्क्यांच्या वर द्यायचं नाही, रेराचा (बिल्डरांसाठीच्या कायद्याचा) नियम आहे, आणि ॲग्रीमेंटमध्ये आपला हिस्सा भरायची तारीख लीजचे पैसे येतील त्याच्या पुढची लिहून घ्यायची. आमच्या मालकांनी पण नवीन माणूस मिळेना मिळेना केलं, मग आम्हीच ओळखीतून एक कुटुंब आणून दिलं. तुम्ही पण आत्तापासून सांगत राहा लोकांना, शाळेच्या ग्रुपवर टाक.

तरी महिना-दोन महिने पुढं-मागं झालंच तर दागिने मोडू नकोस, बँकेत तारण ठेव आणि लीजचे आले की सोडवून आण. पर्सनल लोन मात्र काढू नकोस, त्याचा हप्ता होम लोनच्या हिशोबात धरतात आणि मग 25 सुद्धा मिळत नाहीत.

रिटायर्ड_मॅनेजर:
शहापूरच्या ताईंनी सांगितलेला क्रम अगदी बरोबर. बँक आधी तुमचा हिस्सा भरल्याच्या पावत्या मागते, मग स्वतःचे पैसे सोडते, त्यामुळं लीजचे पैसे शेवटी येतील असं धरून चालू नका. पीएफला घरासाठी अर्ज करता येतो, पण यूएएनला (पीएफच्या नंबरला) आधार, बँक खातं सगळं जोडलेलं आहे का ते आजच बघा, नावात एका अक्षराचा फरक असला तरी महिने जातात. आधारवर एक स्पेलिंग, पगारपत्रकावर दुसरं, हे आपल्याकडं फार.

सासऱ्यांच्या घराचं म्हणाल तर योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. घर सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर असेल तर आड येत नाही. उताऱ्यावर मिस्टरांचं नाव लागलेलं असेल तर मात्र अर्ज करायच्या आधी बँकेला दाखवा, लपवू नका.

भाषेचं असं की मसुदा चार-पाच दिवस आधी मागायचा, तुमचा हक्क आहे तो. इंग्रजीतसुद्धा करता येतो. बिल्डरचा वकील सोडून आपला वेगळा वकील धरा, ओळ न ओळ मराठीत सांगायला लावा, त्याची फी सगळ्या खर्चात सगळ्यात कमी असते. कावेरी ऑनलाइनवरून (कर्नाटकची रजिस्ट्रेशनची सरकारी साइट) ईसी, म्हणजे मिळकतीवर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला, काढा, त्या जागेवर बिल्डरचं कर्ज असेल तर दिसेल. 2024 च्या ऑक्टोबरपासून ई-खाता (महापालिकेतली मिळकतीची ऑनलाइन नोंद) नसेल तर शहरात रजिस्ट्रेशनच होत नाही, तेव्हा त्याची प्रत आधी घ्या, आणि त्यात बी खाता (नियमात न बसणाऱ्या मिळकतीची नोंद) निघाला तर थांबा, बहुतेक बँका मागं सरतात. रेरा नंबर विचारा. अगदी लहान बिल्डिंग असेल तरच त्यातून सूट असते.

कडोलीकर:
आणि ताई, बँकवाले कर्जाबरोबर इन्शुरन्स गळ्यात मारतील, सक्ती नाही त्याची. मिस्टर रोज बाईकवरनं बॉर्डरपलीकडं जातात तेव्हा विमा पाहिजेच, पण वेगळी टर्म पॉलिसी घेतली तर स्वस्त पडते, दोन्हीचे आकडे समोर ठेवून बघा.

वडगाववाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मिस्टरांना आणि सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. बहिणी हिस्सा मागायला येतात ते वाचल्यावर सासूबाई म्हणाल्या तसली जागा नको, आमच्या माहेरी तेच झालं होतं. मात्र लिफ्ट आहे का ते आधी विचार म्हणाल्या. बिल्डरला आज 34 पूर्ण चेकनं देणार असं कळवलंय, तो विचार करून सांगतो म्हणाला. नाही म्हणाला तर दुसरं बघू, खासबागला पण एक आहे असं कळलंय. सोमवारी रजा काढून ईसी आणि पीएफचं बघतेय. अनगोळ किंवा खासबागला मराठी समजावून सांगणारा, फक्त घराच्या कागदांचं काम करणारा वकील कुणाच्या ओळखीत असेल तर मला मेसेज करा, इथं नाव-नंबर टाकू नका.