केबिन फिल्टर घरीच बदलायचा आहे: बाणाची दिशा आणि कुबट वास यांबद्दल शंका

मोशीकर:
नमस्कार. माझ्याकडे २०१७ सालची एलिट आय-२० आहे आणि मी तिने रोज मोशीहून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत ये-जा करतो. त्या पट्ट्यात धूळ किती असते, हे तिकडून जाणाऱ्यांना सांगायला नको. गेल्या पंधरा दिवसांपासून एसी सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे ओल्या गोणपाटासारखा वास येतो आणि ब्लोअर तीनवर ठेवला तरी हवा पूर्वी एकवर लागायची तेवढीच लागते. मार्चमध्ये घराजवळच्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केले, तेव्हा बिलात केबिन फिल्टरचे (गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा फिल्टर) ८५० रुपये आणि तो बसवण्याची मजुरी ३०० रुपये लावली होती. जुना फिल्टर त्यांनी दाखवला नाही आणि मीही मागितला नाही.

या वेळी हे काम स्वतःच करावे असे ठरवले आहे. डॅशबोर्डचा कप्पा न मोडता कसा काढावा, आणि फिल्टरवरचा बाण नेमका कोणत्या दिशेला ठेवावा? एका व्हिडिओत तो खाली आहे, तर दुसऱ्यात वर. कोळशाच्या थराचा फिल्टर जास्त पैसे मोजण्याइतका उपयोगी असतो का? आणि जुनाच फिल्टर धुऊन का वापरत नाही, असे सासरे विचारत आहेत, त्यांना काय उत्तर द्यावे?

नाशिकचा हौशी:
काम सोपे आहे. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल, पुढच्या वेळी दहा मिनिटांत होईल. सुरुवातीला गाडी आणि ब्लोअर दोन्ही पूर्ण बंद करा, कारण ब्लोअर चालू असताना फिल्टर ओढला, तर त्यावर साठलेला पाचोळा थेट पंख्यात जातो आणि मग कडकड आवाज येऊ लागतो.

कप्पा रिकामा करून उघडा. आतल्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे अडसर दिसतील. ते फिरवून आत ओढले की निघतात. एका बाजूला कप्पा सावकाश उघडावा म्हणून एक दांडी किंवा दोरी अडकवलेली असते, ती आधी सोडवा. ती तशीच राहिली आणि कप्पा हिसकला, तर तिची खुंटी तुटते आणि पुढे कप्पा उघडताच धाडकन गुडघ्यावर येतो (स्वानुभव). अडसर निघाले की कप्पा खाली झुकतो आणि मागे फिल्टरचे झाकण दिसते. झाकणाच्या लॉकवर बोटाने दाब द्या, स्क्रू ड्रायव्हर लावू नका. थंडीच्या दिवसांत हे काम पहाटे करू नये, कारण गारठलेले प्लास्टिक चटकन तडकते. आत पिवळ्या रंगाची वायर किंवा जोडणी दिसली, तर तिला हात लावू नका, ती एअरबॅगची असते.

आता बाणाबद्दल. बाण हवा कोणत्या दिशेने वाहते ते दाखवतो, फिल्टरची वरची बाजू नव्हे. सगळा घोळ इथेच होतो. ज्या गाड्यांत फिल्टर ब्लोअरच्या वर आडवा बसतो, तिथे बाण खाली येतो. ज्यांत तो ब्लोअर आणि कूलिंग कॉइल (एसीची हवा थंड करणारी जाळी) यांच्यामध्ये उभा असतो, तिथे बाण कॉइलकडे असतो. म्हणून व्हिडिओवर विसंबण्यापेक्षा फिल्टर काढल्यावर त्या पोकळीत मोबाइलचा टॉर्च मारा आणि पंख्याची चक्री कुठे आहे ते पाहा. आणखी एक खूण म्हणजे जुन्या फिल्टरची मळलेली बाजू: हवा जिकडून येते तीच बाजू काळी पडते. आधी ज्याने बसवला त्याने बाण चुकवलेला असू शकतो, पण मळ चुकत नाही.

नवा फिल्टर आत सरकवताना त्याची चौकट कुठेही दुमडू देऊ नका. कोपऱ्यात बोटभर फट राहिली, तरी हवा तिथूनच सुसाट जाते आणि उरलेला फिल्टर नुसता शोभेचा ठरतो.

चिपळूणची पाहुणी:
आमच्याकडे धुळीपेक्षा उंदीर आणि पाचोळा यांचा त्रास जास्त होतो. दोन वर्षांपूर्वी फिल्टर काढला, तर त्याच्या घड्यांत शेंगदाण्याची टरफले आणि कापसाचा बोळा निघाला. कोणीतरी तिथे संसार थाटला होता. तेव्हापासून मी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, असा दोनदा फिल्टर काढून पाहते. वायपरखालच्या जाळीतही पाने कुजून बसतात, ती हाताने काढून टाकावीत, कारण बाहेरची हवा तिथूनच आत घेतली जाते. फिल्टर मात्र मी धुऊन, उन्हात वाळवून वापरते आणि अजून तरी काही बिघडलेले नाही.

सांगलीचा एसीवाला:
ताई, बिघडत नाही असे वाटते, कारण जे बिघडते ते डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक फिल्टरांच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि बारीक कण त्याच्यामुळे चिकटतात. पाणी आणि साबण लागला की तो भार जातो. मग फिल्टर पाने आणि माती अडवतो, पण २.५ मायक्रॉनच्या आसपासचे कण, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान असलेली धूळ, आरपार जाऊ लागते. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत मारला तरी तंतू फाटतात. मधल्या काळात हलकेच झटकायला हरकत नाही, पण धुण्याजोगा असे कंपनीने लिहिलेले नसेल, तर धुऊ नका. मोशीकर, सासऱ्यांना एवढे पुरेल.

आता वासाचे पाहू. फिल्टर बदलल्यावर वास जाईलच, असे धरून चालू नका. एसी चालतो तेव्हा कूलिंग कॉइल सतत ओली असते, तिच्यावर बारीक धूळ बसली की बुरशी धरते आणि सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांचा कुबट वास बहुधा तिचाच असतो. कोळशाचा थर बाहेरून येणारा ट्रकचा धूर आणि गटाराचा वास बऱ्यापैकी शोषतो, म्हणून चाकणच्या रस्त्यावर त्याला जास्त पैसे देणे मला पटते. पण हवेच्या वाटेत कॉइल सहसा फिल्टरच्या नंतर येत असल्यामुळे तिच्या वासावर त्याचा काहीच इलाज चालत नाही. घरी पोहोचण्याच्या चार-पाच मिनिटे आधी एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, म्हणजे कॉइल वाळते.

पावसाळी हवेत एसी चालवून गाडी उभी केली की खाली पाणी ठिबकायला हवे. ठिबकत नसेल, तर कॉइलवरचे पाणी बाहेर सोडणारा निचऱ्याचा पाइप बहुधा तुंबलेला आहे. हवेच्या जोराबद्दल एकच सांगतो: ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल आणि खालच्या वेगांवर अजिबात फिरत नसेल, तर तो दोष फिल्टरचा नसून बहुधा रेझिस्टरचा (ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा विजेचा भाग) असतो. तुमच्याकडे सगळ्याच वेगांवर हवा मंदावली आहे, म्हणजे फिल्टर चोंदला असण्याचीच शक्यता जास्त आहे.

मोशीकर:
सर्वांचे आभार. आज सकाळी फिल्टर बदलला, एकूण पंचवीस मिनिटे लागली आणि त्यातली दहा ती दांडी सोडवण्यात गेली. जुना फिल्टर वरच्या बाजूने राखेसारखा काळपट होता आणि त्याचा बाणही वरच होता, म्हणजे तो उलटाच बसवलेला होता. टॉर्च मारल्यावर चक्री खालीच दिसली. शिवाय मागच्या कोपऱ्यात चौकट दुमडलेली होती आणि त्या फटीतून गेलेली कडुनिंबाची चार-पाच सुकी पाने चक्रीवर पडलेली होती, ती लांब चिमट्याने काढली. हा फिल्टर मार्चमधला की त्याच्याही आधीचा, हे विचारायला मी आता त्या गॅरेजमध्ये जाणार नाही.

ब्लोअर दोनवर ठेवला तरी हवा आता चेहऱ्यावर लागते. वास कमी झाला, पण गेलेला नाही. अर्धा तास एसी चालवून गाडी उभी केली, तर खाली जेमतेम दोन थेंब पडले आणि डावीकडच्या सीटपुढची मॅट उचलल्यावर खालचे कार्पेट दमट लागले.

सांगलीचा एसीवाला:
मग पाइपच तुंबला आहे. तो साफ करून घ्या आणि कार्पेटखालचा फोमही उचलून दोन दिवस उन्हात वाळवा, कारण नुसते वरून पुसून मॅट परत टाकली, तर आठवड्याभरात तिथूनच वास येऊ लागेल.