वाड्याच्या चित्राचा पडदा ज्येष्ठांना सोपा जाईल का?

विश्रामबागकर (सांगली)
आमच्या वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांसाठी संगणकवर्ग चालतो. फोल्डर, मेनू आणि एकावर एक उघडणाऱ्या खिडक्या पाहून मंडळी बावचळतात, म्हणून वर्गातील एका तरुण शिक्षकाने जुन्या वाड्याच्या चित्राचा पडदा तयार करायला घेतला आहे. त्यात देवळीतील दौत दाबली की पत्रलेखन, कोनाड्यातील चोपडी दाबली की हिशेब आणि भिंतीवरील दिनदर्शिका दाबली की तारखा उघडतील. मायक्रोसॉफ्टचा 'बॉब' हा नवशिक्यांसाठीचा प्रोग्रॅम नेमका याच कल्पनेवर आपटला, असे एका सदस्याने सुचवले. तो कशामुळे फसला आणि आमचेही तसेच होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कृष्णाकाठ (वाई)
'बॉब' मार्च १९९५ मध्ये बाजारात आला आणि १९९६ च्या सुरुवातीला गुंडाळला गेला. तो विंडोज ३.१ वर चालत असे. पडद्यावर घराची खोली दिसे, घड्याळ किंवा कागद-पेन दाबून कामे करता येत आणि रोव्हर नावाचा कुत्रा सूचना देई. किंमत सुमारे १०० डॉलर होती. शिवाय त्याला ८ मेगाबाइट मेमरी लागे, तर त्या काळच्या बहुतेक घरगुती संगणकांत ४ मेगाबाइटच असे. म्हणजे ज्याने नुकताच साधा संगणक घेतला त्या नवशिक्याच्याच यंत्रावर तो रखडत होता. त्यातच ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आले, आणि स्टार्ट बटणामुळे बॉबची गरजच उरली नाही.

मला मात्र यंत्रापेक्षा रचनेतला दोष मोठा वाटतो. खोलीतील काही वस्तूंमागे प्रोग्रॅम होते आणि काही नुसत्या शोभेच्या होत्या. कोणती कामाची, हे दाबून पाहिल्याशिवाय कळत नसे. तुमच्या वाड्यातही दौतीशेजारी समई काढली, तर ती दाबणारे आजोबा निघणारच. (बॉबमध्ये तीनदा चुकीचा पासवर्ड दिला की तो नवा पासवर्ड ठेवायला सुचवत असे. कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्याचाच हा प्रकार, पण हेतू प्रेमळ होता.)

अजिंक्यतारा (सातारा)
चित्रांना सरसकट दोष देऊ नये, कारण मोबाइलवरही चित्रेच असतात आणि ज्येष्ठ मंडळी ती बिनदिक्कत दाबतात; फक्त तिथे एका चित्राला एकच काम असते आणि खाली नाव लिहिलेले असते. बॉबमध्ये खरा त्रास त्या बोलक्या सोबत्यांचा होता. माणूस संगणकाशी नकळत माणसासारखाच वागतो, हे स्टॅनफर्डच्या क्लिफर्ड नॅस आणि बायरन रीव्ह्ज यांचे संशोधन त्यामागे होते. मात्र तसे असेल, तर न विचारता मध्येच तोंड घालणाऱ्या माणसाचा जसा राग येतो, तसा यंत्राचाही येणारच. ऑफिस ९७ मधील 'क्लिपी' या मध्येच सल्ला देणाऱ्या कागदी क्लिपच्या वाट्याला तेच आले आणि २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये तो मुळातच बंद ठेवून द्यावा लागला. रोव्हर मात्र चिवट निघाला. विंडोज एक्सपीच्या शोधखिडकीत तो पुन्हा शेपूट हलवू लागला.

मिरजकर
मी अशा वर्गात शिकवतो. अडचण चित्राच्या आधीच, हातात सुरू होते. आजी पहिला क्लिक नीट करतात, दुसऱ्या क्लिकच्या वेळी माउस बोटभर सरकतो आणि फाइल उघडण्याऐवजी चिन्हच जागचे हलते. मग "माझं काहीतरी बिघडलं" म्हणून त्या हात काढून घेतात. वाड्याच्या पडद्यावर हे सुटणार नाही. माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करा, किंवा फोल्डर ऑप्शन्समध्ये एका क्लिकने उघडण्याची सोय चालू करा, पॉइंटर मोठा करा आणि पडद्यावर मराठी नावांची मोजकीच चिन्हे ठेवा.

दुसरे असे, की तुमचा वाडा वाचनालयातच राहील. घरी नातवाच्या संगणकावर किंवा सेतू केंद्रात त्यांच्यासमोर नेहमीचाच पडदा येणार, आणि तेव्हा सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागेल.

विश्रामबागकर (सांगली)
सर्वांचे आभार. एका क्लिकची सोय उद्याच करून पाहतो. वाड्याचे चित्र शिक्षकाने फार मन लावून काढले आहे, ते पडद्यामागे नुसती पार्श्वभूमी म्हणून ठेवावे, असे त्याला सुचवणार आहे, समईसकट.