आखाजीची ढेकळं

‘मृगाचा पाऊस वेळेवर येतो, मग पत्रिकाच खोटी कशी?’ हा पत्रिका मानणाऱ्यांचा मुद्दा मला अर्धाच पटतो. सूर्य मृगात शिरतो तो दरवर्षी ७-८ जूनच्या आसपास. म्हणजे ते ऋतूंचं कॅलेंडर झालं. त्यावरून पेरणीची तयारी करा, पोराच्या नोकरीचं भविष्य कशाला काढता?

आमच्याकडे जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात आखाजीला (अक्षय तृतीयेला) भरलेल्या घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवतात, ज्येष्ठ ते भाद्रपद अशी एकेका महिन्याच्या नावाची. जे जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. आजीच्या घरी कायम आषाढाचंच ढेकूळ चिखल व्हायचं. एकदा घागर फिरवून ठेवली तर श्रावणाचं भिजलं. ती एकाच बाजूने पाझरत होती! आजी मात्र माझ्यावरच चिडली. कपाशीचं बियाणं आजोबा तरीही पाऊस पडल्यावर, ओल बघूनच टोचायचे.